भूपालअण्णांचा सत्कार

"दार लाव, रत्ना," हे म्हणाले. "आणि कान लावून उभी राहू नकोस."

मी दार लावलं आणि कान लावून उभी राहिले. आत हे बोलायची तालीम करत होते. दोन शब्द, मग श्वास. पुन्हा दोन शब्द, पुन्हा श्वास. शब्द काही कळत नव्हते, नुसता भात्यासारखा आवाज यायचा. ज्या माणसाची हाळी सांगलीच्या मार्केट यार्डात या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, त्याचं बोलणं लाकडाच्या एका फळीतून माझ्यापर्यंत येत नव्हतं.

आमचे हे, भूपाल मगदूम, जन्मभर हळदीचे सौदे पुकारत आले. अडत दुकानात नोकरी. हळदीच्या ढिगाशेजारी उभं राहायचं, शेतकरी एका बाजूला, व्यापारी दुसऱ्या बाजूला, आणि मधे यांचा आवाज. भाव चढवत न्यायचे तो कसा, गाणं म्हटल्यासारखा. आणि निवृत्तीनंतर फुफ्फुसांनी असा दगा दिला. फुफ्फुसं आतून कडक होत जातात म्हणे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यावर बरं करणारं औषध नाही. आहे ते आजाराला सावकाश चालायला लावतं. ते घेतलं तर काही वर्षं मिळतील. नाही घेतलं तर काय, हे सांगायचं त्यांनी टाळलं.

औषधाचा महिन्याचा खर्च आमच्या पेन्शनीच्या कितीतरी वर. आधी ठेव मोडली, मग माझ्या पाटल्या गेल्या. मग राहिलं घर. मी एका एजंटाला बोलावून पुढच्या दोन खोल्या दाखवल्याही होत्या. हे त्या दिवशी माझ्याशी जेवेपर्यंत बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, "घर नाही विकायचं. औषध मी बघतो." त्यानंतर महिन्याच्या गोळ्या हे स्वतः रिक्षानं जाऊन आणायला लागले. डबीत भरायचेही स्वतःच. मी विचारलं, पैसे कुठून आणता, तर म्हणाले, जुन्या शेठजींनी सोय केलीय. मला काय, मी देवाला हात जोडले आणि शेठजींनाही जोडले.

आणि खरंच गुण यायला लागला. आधी त्या गोळ्यांनी यांची अन्नावरची वासनाच गेली होती. भाकरीचा वास आला तरी तोंड फिरवायचे. आता एकदम भूक लागायला लागली. शेंगाची पोळी मागून घ्यायचे, वर तूप. भडंग करून ठेवलं तर दुपारी डबा हलका झालेला असायचा. मी गल्लीत सगळ्यांना सांगत सुटले, औषध लागू पडलं बाई. धाप कमी नव्हती, उलट वाढलीच होती, पण मी म्हणायचे, आधी पोट धरतं, मग छाती धरेल. माणूस जेवायला लागला की बाईमाणसाला दुसरं काही दिसत नाही.

तर त्या तालमीचं. औषधांच्या किमतींबद्दल म्हाताऱ्यांचं म्हणणं ऐकायला दिल्लीहून एक समिती गावोगाव फिरत होती. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात यायची होती. सरकारनं कंपन्यांशी बसून वयस्कांच्या औषधांचे भाव ठरवावेत की नाही, हा प्रश्न. संघाचे अध्यक्ष शिंत्रे सर, निवृत्त मुख्याध्यापक, घरी येऊन म्हणाले, "अण्णा, बाकीचे कागद वाचतील. खरं बोलणारा माणूस एकच, तुम्ही. शेवटी तुमचंच भाषण ठेवतो."

"पाच मिनिटं... पुरेत," हे म्हणाले.

"पाच काय, दहा घ्या की."

"दहा मिनिटांचा... श्वास..."

"नाहीये त्यांच्याकडे," मी वाक्य पुरं केलं.

ही आमची रीतच पडून गेली होती. हे सुरुवात करायचे, मी शेवट करायची. दोन वर्षांत एकदाही चुकले नाही. कधी हे नुसतं माझ्याकडे बघायचे आणि मी आलेल्या पाहुण्याला सांगायचे, चहात साखर कमी म्हणताहेत. लोक हसायचे. मला त्यात मोठेपण वाटायचं, खोटं कशाला बोलू.

समिती यायच्या आदल्या रविवारी यांचा भाचा सुकुमार पुण्याहून आला. तो एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पोरगा मनाचा चांगला, पण बोलायला लागला की कंपनीच बोलते.

"मामा, भाषणात एवढं ध्यानात ठेवा," तो ताटावर बसल्या बसल्या म्हणाला. "सरकारनं भाव पाडला की कंपनी म्हणणार परवडत नाही. माल बाजारातून गुपचूप कमी होतो. मग महागही मिळत नाही आणि स्वस्तही. नवीन औषध शोधायला वर्षानुवर्षं जातात, त्याचा खर्च कुठून काढायचा?"

"मग काय... म्हाताऱ्यांच्या..."

"म्हाताऱ्यांच्या फुफ्फुसातून काढायचा का, विचारताहेत," मी म्हणाले.

सुकुमार ओशाळला. "तसं नाही मामी. पण भाव बांधणं हा उपाय नव्हे."

यांनी घास बाजूला ठेवला. हात वर करून मला गप्प बसवलं आणि स्वतः बोलले, थांबत थांबत. "बांधा... म्हणत नाही मी. समोर बसा म्हणतो. माझ्या सौद्यात... घेणारा असायचा, विकणारा असायचा. दोघं बोलायचे. औषधाच्या दुकानात... एकच बोलतो. डबीवरचा आकडा." मग छाती भरून आली आणि माझ्याकडे बघितलं.

मी पुढचं सांगितलं, "एकटा म्हातारा काय घासाघीस करणार? साऱ्या देशातल्या म्हाताऱ्यांची मिळून एक बाजू होते. त्या बाजूनं कुणीतरी मोठ्यानं जाऊन बसावं. मग कंपनीलाही कळेल, एवढं गिऱ्हाईक सोडून जाणं परवडतंय का. बरोबर का हो?"

हे मान हलवून हसले. सुकुमार म्हणाला, "मामी, तुम्हीच भाषण करा की."

"नको," हे म्हणाले. एकदम कडक. "ते माझं मी... बोलणार."

मला जरा लागलं. पण म्हटलं, असू दे. पुकारणारा माणूस आहे, त्याला त्याची हाळी हवी.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून हे कुणाशी बोलले नाहीत. दूधवाल्याला खुणेनंच सांगितलं. श्वास साठवून ठेवत होते, पैसे साठवावेत तसा. रिक्षात बसल्यावर माझा हात धरला आणि म्हणाले, "आज मी बोलेन तेव्हा... मधे बोलायचं नाही. काहीही ऐकलंस तरी."

"मी कशाला बोलू मधे?"

माझ्याकडे बघून हे नुसते हसले.

हॉल खचाखच भरला होता. समितीचे तिघं स्टेजवर बसलेले, मधे अध्यक्ष म्हणून एक गोरेसे साहेब, शेजारी एक बाई वही उघडून. साहेबांनी आल्या आल्याच सांगितलं होतं की त्यांना पुढं कोल्हापूरला सुनावणी आहे, त्यामुळे वेळ थोडा आहे. शिंत्रे सर म्हणाले, "हो हो, लगेच सुरू करू." आणि लगेच दीपप्रज्वलन सुरू केलं.

आता आपल्याकडचा कार्यक्रम कसा असतो ते काय सांगायला नको. समई वाऱ्यानं विझत होती, ती पुन्हा पुन्हा पेटवली. मग प्रतिमेला हार. मग संघाच्या बायकांचं स्वागतगीत, चारही कडवी. मग शिंत्रे सरांचं प्रास्ताविक, त्यात संघाची स्थापना कुणाच्या अंगणात झाली इथपासून सगळं. मग सत्कार. तिन्ही पाहुण्यांना फेटे बांधायचे म्हणून फेटेवाला खास बोलावलेला. दिल्लीच्या साहेबांच्या डोक्याला फेटा बसेना, तो दोनदा सोडून बांधला. शाल, नारळ, फोटो. मग नगरसेवकांचा सत्कार, हॉलला पंखे दिले त्यांचा सत्कार, माइक ज्यांचा त्यांचा सत्कार. साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. सरांना ते दिसत नव्हतं असं नाही, पण पाहुण्यांचा मान राहिला नाही तर सांगलीचं नाव जाईल या धास्तीत ते होते. वाईट माणूस नव्हता हो. त्या वेळी मात्र मला त्यांच्या हातातला माइक हिसकावून घ्यावासा वाटत होता.

हे पहिल्या रांगेत डोळे मिटून बसलेले. ओठ हलत होते.

शेवटी सरांनी यांचं नाव घेतलं. मी उठायला हात दिला. सर म्हणाले, "आणि आता ज्यांचं मनोगत आपण ऐकणार आहोत, त्या भूपालअण्णांचा रुग्णांचे प्रतिनिधी म्हणून प्रथम सत्कार करू या."

यांनी मानेनं नको म्हटलं. मी म्हटलं, "सर, ते राहू द्या, त्यांना बोलू द्या."

"असं कसं वहिनी, त्यांचा मान आहे."

स्टेजच्या पायऱ्या चढल्या. तिथंच धाप लागली. मग उभं करून फेटा बांधायला घेतला. फेटेवाला डोक्याभोवती फिरतोय, हे खुर्चीची पाठ धरून उभे. मग शाल. मग नारळ हातात, तो जड नारळ. मग फोटोवाला म्हणाला, अण्णा, जरा हसा. मग नगरसेवकांनाही फोटोत यायचं होतं, म्हणून पुन्हा एकदा. मी खाली उभी राहून बघत होते, यांचे ओठ निळे पडत चाललेले. जपून जपून आणलेला सगळा श्वास त्या उभं राहण्यात चालला होता.

सरांनी माइक पुढं धरला. "बोला अण्णा."

समितीच्या बाईंनी पेन उचललं.

"मी..." हे म्हणाले. "मी भूपाल..." आणि खोकला लागला. खोकला थांबला तेव्हा आवाज नव्हता. तोंड उघडं, ओठ हलताहेत, माइकमधून नुसतं भात्यासारखं येतंय. यांनी हातानं खूण केली, थांबा, थोडं थांबा.

शिंत्रे सरांनी माइक जवळ घेतला. हॉलकडे वळून म्हणाले, "अण्णांच्या भावना अनावर झाल्या आहेत. हे मौनच फार मोठं भाषण आहे."

आणि टाळ्या पडल्या. अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. काही बायका डोळे पुसत होत्या. आणि हे स्टेजवर फेटा बांधून उभे, हात हलवून सांगताहेत, नाही, नाही, आणि लोकांना वाटतंय नमस्कार करताहेत.

मी धावत वर गेले. यांना खुर्चीत बसवलं. सर म्हणाले, "वहिनी, अण्णांच्या मनातलं तुम्हीच सांगा. तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक?" माइक माझ्या हातात आला.

मी यांच्याकडे बघितलं. हे मान हलवत होते. मला वाटलं, लाजताहेत. मला वाटलं, म्हणताहेत, थोडक्यात सांग.

मी सांगितलं. सौद्याचं सांगितलं, दोन बाजूंचं सांगितलं. मग मनापासून जे वाटत होतं ते सांगितलं. "साहेब, हे औषध गुणाचं आहे. आमच्या यांना लागू पडलंय. अन्न जात नव्हतं, आता पोटभर जेवतात. म्हणूनच म्हणते, भाव कमी करा. आम्ही कसंबसं घेतोय, पण ज्यांना घेता येत नाही त्यांचं काय?"

बाईंनी ते लिहून घेतलं. अध्यक्ष साहेबांनी हात जोडले. सर म्हणाले, "वेळेअभावी आता थेट आभारप्रदर्शनाकडे वळू." ते आभार मात्र सविस्तर झाले.

गर्दी टाळायला मी यांना हॉलच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं एक बाकडं होतं. जवळच केटररची माणसं चहाचे कप धूत होती. मी फेटा उतरवला, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवत बसले. गाड्या निघून गेल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं यांच्या ओठांना रंग आला.

"चांगलं बोलले ना मी?" मी विचारलं.

"रत्ना," हे म्हणाले, "आता मी बोलतो. तू... नको."

"मी ते औषध... बंद केलंय."

मला कळलंच नाही. "कधीपासून बंद करायचं म्हणताय?"

"बंद केलंय. आषाढातच. तू एजंट आणलास... त्या दिवसापासून."

"मग डबीतल्या?"

"कॅल्शियमच्या."

मी काही तरी बोलायला गेले, यांनी माझ्या तोंडापुढं हात धरला. हळूच, मारायला नव्हे.

"हेच सांगायचं होतं तिथं. औषध वाईट नाही. काम करतं. मी सोडलं ते... काम करत नाही म्हणून नाही. किमतीनं सोडलं. त्यांच्या हिशेबात काय दिसतं? एक गिऱ्हाईक कमी. का कमी झालं... ते कुठं येत नाही. ते एकदा माणसाच्या तोंडून... ऐकू दे त्यांना, म्हटलं. मी जिवंत असताना."

मग बराच वेळ नुसता श्वास. मी मधे बोलले नाही. यांच्या मनातलं पुढचं वाक्य मला पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं.

"आणि तुला सांगायचं होतं. घरी सांगितलं असतं तर... तू भांडली असतीस. रडली असतीस. घर विकलं असतंस. एवढ्या लोकांत... गप्प ऐकून घेतलं असतंस. म्हणून तिथं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती भूक. शेंगाच्या पोळ्या. गोळ्या बंद झाल्या म्हणून अन्नाची चव परत आली होती. मी वाढत होते, गल्लीभर मिरवत होते, आता दिल्लीच्या वहीतही लिहवून आले होते. माझा माणूस रोज थोडा थोडा जात होता आणि मी आनंदानं त्याच्या पोळीवर तूप घालत होते.

"आजच परत सुरू करायचं," मी म्हणाले. "आत्ता इथनंच दुकानात जाऊ. घर गेलं खड्ड्यात. मी भाड्याच्या खोलीत राहीन, मुलीकडं जाईन, भांडी घासीन. मला तुम्ही पाहिजेत हो. मला घर घेऊन काय करायचंय?"

"तुला अजून... पुष्कळ जगायचंय. आणि मला... औषध घेऊनही थोडंच."

"थोडं तर थोडं. ते थोडं मला पाहिजे."

यांनी माझा हात मांडीवर घेतला. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. यार्डात शेवटची बोली होऊन भाव पक्का झाला की जसं म्हणायचे, त्याच सुरात, पण आवाजाशिवाय म्हणाले, "सौदा तुटला, रत्ना."

मी भांडले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, रोज. मुलीला बेळगावहून बोलावलं, तीही भांडली. सुकुमार येऊन हात जोडून बसला, मामा, मी भरतो पैसे. हे म्हणाले, "किती जणांचे... भरशील?" मी गोळ्या आणल्या, यांनी तोंड उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता तसाही फार उपयोग नाही. त्यांनी ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरंच तसं होतं, मला अजून माहीत नाही. शिंत्रे सर एकदा येऊन सत्काराचा फोटो फ्रेम करून देऊन गेले. मी त्यांना चहा दिला.

हे मार्गशीर्षात गेले. शेवटी शेवटी फक्त डोळ्यांनी बोलायचे, आणि मी त्यांची वाक्यं पुरी करायचं सोडून दिलं होतं. जे कळायचं ते कळायचं.

पुढं दोन-तीन वर्षांनी एका दुपारी सुकुमारचा फोन आला. आवाजात आनंद होता आणि तो आनंद कसा सांगावा हे त्याला कळत नव्हतं. "मामी, मामांच्या त्या औषधाचा भाव उतरला. सरकार आणि कंपन्या बसल्या होत्या. निम्म्याच्याही खाली आलाय."

"मग कंपनीनं बंद केलं का औषध?"

"नाही मामी. उलट खप वाढलाय."

"आता महिन्याला केवढ्याला पडतं?"

त्यानं आकडा सांगितला. पेन्शनीत बसत होता. दूध, लाइट, किराणा सगळं भागून बसत होता. घराची एक वीट हलवावी लागली नसती.

मी म्हटलं, "चांगलं झालं बाबा. कुणाची तरी म्हातारी माणसं जगतील." त्याची, त्याच्या पोरांची चौकशी केली. जेवलास का विचारलं. फोन ठेवला.

आणि मग मी रडले. हे गेले तेव्हा लोकांच्या गर्दीत मी नीटशी रडलेच नव्हते. आता भिंतीला पाठ लावून, छाती पिटून, मोठ्यानं रडले. मला थांबताच येईना. शेजारची नवीन भाडेकरीण हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. तिला आमचं काहीच ठाऊक नव्हतं. ती घाबरून माझ्याजवळ बसली आणि विचारायला लागली, "आजी, काय झालं? कोण गेलं?"

मी म्हटलं, "आमचे हे गेले गं."